इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरचं लायसन्स, दर आणि बाजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (महाराष्ट्र)

वायरमन, नवे काँट्रॅक्टर आणि सोसायट्यांचे सेक्रेटरी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. घरातलं किरकोळ काम करायलाही लायसन्स लागतं का? पंखा बसवायचा, स्विच बदलायचा एवढंच असतं.

एवढ्याला लागत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनी (आधी २०१०चे, आता २०२३चे) दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं बदलण्याला सूट दिली आहे. अट एकच: त्या बदलाने वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. जुना पंखा काढून तिथेच नवा टांगला तर सूट. त्याच बोर्डातून वायर ओढून एसीचा पॉइंट काढला तर सूट संपली, कारण लोड वाढला आणि सर्किट बदललं. गिऱ्हाइकाला दोन्ही कामं 'छोटीशीच' वाटतात, म्हणून हा फरक त्याला काम घेण्याआधी सांगा.

२. वायरमन परमिट, सुपरवायझर सर्टिफिकेट आणि काँट्रॅक्टर लायसन्स यात फरक काय? एक असलं की पुरत नाही का?

नाही, कारण नियमाला तिन्ही लागतात. काम लायसन्सधारक काँट्रॅक्टरने घ्यायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली ते व्हायचं आणि हात परमिटधारक वायरमनचा लागायचा. परमिट आणि सर्टिफिकेट माणसाला मिळतं, लायसन्स व्यवसायाला. एकट्याने धंदा करणाऱ्याकडे स्वतःचं सुपरवायझर सर्टिफिकेट असेल तर तो देखरेख स्वतः करू शकतो. नुसत्या वायरमन परमिटवर मात्र स्वतःच्या नावाने नवीन वायरिंगचं काम घेता येत नाही आणि टेस्ट रिपोर्टही (वायरिंग तपासून ठीक असल्याचा सहीचा कागद) देता येत नाही. बाजारात सगळ्यात जास्त गैरसमज याच मुद्द्यावर आहे.

३. माझं आयटीआय झालंय. पुढे काय करू? भावाचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा आहे, त्याला परीक्षा द्यावी लागेल का?

इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेडचं आयटीआय आणि पुढे अप्रेंटिसशिप झाली असेल तर कागदपत्रांवर परीक्षेतून सूट मागण्याचा मार्ग आहे. ज्यांनी नुसतं हाताखाली काम केलंय, त्यांना लायसन्सिंग बोर्डाची (कागदावर 'अनुज्ञापक मंडळ') परीक्षा द्यावी लागते. डिप्लोमा किंवा डिग्रीवाल्याने अनुभवाच्या दाखल्यासह थेट सुपरवायझर सर्टिफिकेटसाठी अर्ज करावा, वायरमन परमिटमध्ये वर्ष घालवू नये.

अर्ज अडकतो तो अनुभवाच्या दाखल्यावर. 'अमुक यांनी आमच्याकडे काम केले आहे' एवढं लिहिलेला दाखला उपयोगाचा नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या प्रकारचं काम, किती व्होल्टेजपर्यंत, आणि दाखला देणाऱ्या काँट्रॅक्टरचा लायसन्स नंबर, हे सगळं त्यावर पाहिजे. त्या काळात त्याचं लायसन्स चालू होतं ना, हेही पाहून घ्या.

४. काँट्रॅक्टर लायसन्सच्या अर्जाला काय काय जमवावं लागतं?

व्यवसायाची जागा, नेमलेला सुपरवायझर, परमिटवाला वायरमन आणि मोजमापाची उपकरणं. उपकरणांत ५०० व्होल्टचा मेगर (वायरचं इन्सुलेशन मोजणारं मीटर), अर्थ टेस्टर, क्लॅम्प मीटर आणि मल्टिमीटर ही नावं ठरलेलीच. शासकीय शुल्क 'ग्रास' या सरकारच्या ऑनलाइन भरणा प्रणालीवर भरतात.

तांत्रिक कारणापेक्षा नावाच्या घोळाने जास्त फायली परत येतात. मेगरचं बिल मालकाच्या नावाने, भाडेकरार भावाच्या नावाने आणि पॅनवर फर्मचं स्पेलिंग तिसरंच. म्हणून आधी फर्मचं नाव पक्कं करा आणि मगच उपकरणं त्या नावाने, सिरियल नंबर छापलेल्या बिलावर घ्या. चार दिवसांसाठी मेगर उसना आणून काम भागवणारे असतात. पण मेगर रोज लागतो (प्रश्न ७), तेव्हा तो विकतच घ्या.

५. माझ्याकडे सुपरवायझर सर्टिफिकेट नाही. ओळखीच्या इंजिनिअरचं 'लावून' लायसन्स काढलं तर चालतं का?

सुपरवायझर नेमून लायसन्स काढणं कायदेशीरच आहे, त्यासाठीच ती तरतूद आहे. बेकायदेशीर आहे ते सर्टिफिकेट भाड्याने घेणं, म्हणजे माणूस साइटवर कधीच येत नाही आणि महिन्याकाठी ठरलेली रक्कम घेऊन सह्या करतो. एका सुपरवायझरचं नाव एका वेळी एकाच काँट्रॅक्टरकडे लागतं. त्याने दुसरीकडे नाव दिलं किंवा नोकरी सोडली की तुमच्या लायसन्सचा पायाच निघतो, आणि बोर्डाला कळवून बदली माणूस देईपर्यंत नवीन कामं थांबतात.

ही बाजू सर्टिफिकेट देणाऱ्या इंजिनिअरनेही समजून घ्यावी. शॉर्टसर्किटने आग लागली की चौकशीत टेस्ट रिपोर्ट पहिल्या दिवशी मागवतात आणि त्यावर त्याची सही असते. 'मी साइट पाहिलीच नव्हती' असं तेव्हा सांगितलं तर दोष कमी होत नाही, उलट वाढतो.

६. लोक 'पीडब्ल्यूडीचं लायसन्स' म्हणतात ते हेच का? आणि महावितरणचं रजिस्ट्रेशन वेगळं असतं का?

बोलण्यात वायरमन परमिटलाही पीडब्ल्यूडीचं म्हणतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. प्रश्न २ मधली तिन्ही कागदपत्रं लायसन्सिंग बोर्डाची. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे काँट्रॅक्टर म्हणून होणारी नोंदणी निराळी: ती वर्गवार असते आणि कोणत्या रकमेपर्यंतची टेंडरं भरता येतील ते त्यावरून ठरतं. महावितरणच्या लाइनची कामं घ्यायची तर तिथली नोंदणी आणखी वेगळी. लायसन्स हा या सगळ्यांचा पाया. सुरुवातीला फक्त घरं, दुकानं आणि सोसायट्या करायच्या असतील तर बाकीच्या नोंदण्यांवर पैसे घालवू नका.

७. टेस्ट रिपोर्टवर सही करण्याआधी नक्की काय तपासायचं? सगळे तर फॉर्म भरून देतात.

देतात खरं. पण सही तुमची आहे, तेव्हा अर्धा तास काढाच.

पहिला मेगर. मेन बंद करा. दिवे, एलईडी ड्रायव्हर, डिमर, सर्ज प्रोटेक्टर आणि इन्व्हर्टर काढा. सगळे स्विच चालू ठेवा, नाहीतर स्विचच्या पुढची वायर तपासलीच जात नाही. फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून त्यांच्यात आणि अर्थमध्ये ५०० व्होल्ट डीसी एक मिनिट द्या. नियमाला किमान १ मेगओहम लागतो. पण नव्या वायरिंगवर १.२ आला म्हणून खूश होऊ नका. नवी, कोरडी वायर याच्या कितीतरी पट जास्त दाखवते. एवढं कमी रीडिंग म्हणजे कुठेतरी पाइपात पाणी आहे, वायर सोलली गेली आहे किंवा बॉक्सच्या स्क्रूखाली दबली आहे. सर्किटं एकेक सोडवून मोजा, दोषी सर्किट लगेच सापडतं.

दुसरी पोलॅरिटी. स्विच फेजवर आहे का, आणि थ्री-पिनमध्ये फेज उजवीकडे आहे का, ते प्रत्येक सॉकेटवर पाहा.

तिसरं अर्थिंग. इथे एक हिशेब डोक्यात पक्का बसू द्या. अर्थचा रेझिस्टन्स २० ओहम असेल तर २३० व्होल्टवर फॉल्ट करंट जेमतेम ११.५ अँपिअर वाहतो. ३२ अँपिअरची एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की पडणारा ब्रेकर) त्याने हलणारसुद्धा नाही. गिझरची बॉडी करंट देत राहील आणि एमसीबी निवांत चालू असेल. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारा ब्रेकर) लागतेच, आणि तिचं टेस्ट बटण दाबून ती पडते ना, ते पाहायचं.

मोजलेले आकडे रिपोर्टवर तारखेसह लिहा आणि मेगरच्या डिस्प्लेचा फोटो ठेवा. प्रश्न १५ मधल्या प्रसंगात तोच कामाला येतो.

८. वायरिंग नवीन, मेगर उत्तम, तरी आरसीसीबी पडते. मालक म्हणतो तुमचं काम खराब. काय बघू?

आधी न्यूट्रल बघा. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट सारखा आहे का एवढंच पाहते. हॉलच्या आरसीसीबीखालचा फेज आणि बेडरूमच्या आरसीसीबीखालचा न्यूट्रल एका दिव्याला मिळाला की मेगर कितीही छान असू दे, ती पडणारच. ही चूक जिन्याच्या टू-वे दिव्यात आणि इन्व्हर्टरच्या लाइनीत हमखास सापडते, कारण तिथे जवळ दिसेल तो न्यूट्रल घेतला जातो.

दुसरं कारण, न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलेला असणं. हे शोधताना नवे वायरमन एकेक एमसीबी पाडत बसतात आणि काही सापडत नाही. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल बसबारला जोडलेलाच राहतो. म्हणून मेन बंद करून बसबारवरचे न्यूट्रल एकेक सोडवा आणि प्रत्येक न्यूट्रल अर्थशी मेगरने तपासा.

दोन्ही ठीक असेल तर उपकरणांची गळती मोजा. इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर यांच्या फिल्टरमधून प्रत्येकी थोडा थोडा करंट अर्थला जातो. सगळं एकाच आरसीसीबीखाली असेल तर बेरीज ३० च्या जवळ पोचते. त्यावर उपाय आरसीसीबी काढून टाकणं नव्हे, सर्किटं दोन-तीन आरसीसीबींत वाटणं हा आहे. मालकाच्या उपकरणाचा दोष शोधायला गेलेला वेळ बिलात लावायचा हे कोटेशनमध्ये आधीच लिहून ठेवा.

९. पॉइंटचा दर कसा काढायचा? शेजारचा काँट्रॅक्टर माझ्यापेक्षा निम्मा लावतो.

शेजाऱ्याचा दर विसरा आणि एक पॉइंट मीटरने मोजा. बोर्ड जमिनीपासून १.२ मीटरवर, स्लॅब ३ मीटरवर. म्हणजे उभी पाइप १.८ मीटर. स्लॅबमधून दिव्यापर्यंत ३.५ मीटर धरा. एकूण ५.३ मीटर, त्यात फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन वायरी: १५.९ मीटर. दोन्ही टोकांना सोडलेल्या लांबीसह १७ मीटर. शिवाय डीबीपासून (मुख्य डिस्ट्रिब्युशन बोर्ड) बोर्डापर्यंत ८ मीटर गुणिले तीन म्हणजे २४ मीटर, बोर्डावर सहा पॉइंट असतील तर प्रत्येकी ४. झाले २१ मीटर. ९० मीटरच्या कॉइलमध्ये असे चारच पॉइंट धड बसतात आणि उरतो तो तुकडा. टू-वे असेल तर आणखी वायरी. 'कॉइलमध्ये सात-आठ पॉइंट निघतात' या अंदाजावर कोटेशन देणारे अर्ध्या कामात सामान संपलं म्हणून ओरडतात, किंवा अर्थची वायर गायब करतात. निम्म्या दराचं गुपित बहुतेक वेळा हेच असतं.

आता मजुरी. आकडे फक्त हिशेबापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. वायरमन २५,०००, हेल्पर १५,०००, आणि गाडी, फोन, अकाउंटंट, विमा, ड्रिल बिट, कटर ब्लेड मिळून १४,०००. महिना ५४,०००. चूक इथे होते: लोक ४०,००० ला २६ दिवसांनी भागतात आणि दिवस १,५४० रुपयांना पडला असं समजतात. पण साइट बघणं, सामान आणणं, प्लास्टर वाळायची वाट पाहणं यात दिवस जातात. बिल लागणारे दिवस २० च धरा. ५४,००० भागिले २० म्हणजे २,७०० रुपये, आणि यात तुमचा नफा अजून आलेलाच नाही.

खाच मारणं, वायर ओढणं आणि फिटिंग असे तीन टप्पे धरून टीम दिवसाला सरासरी सहा पॉइंट पुरे करत असेल तर पॉइंटला ४५० रुपये नुसता मजुरीचा खर्च आहे. जुन्या विटांच्या भिंतीत वेगळं आणि काँक्रीटच्या कॉलमला वेगळं, तेव्हा साइट न बघता फोनवर दर सांगू नका.

१०. कोटेशन दिलं आणि महिन्याने काम सुरू झालं तेव्हा वायरचा भाव वाढलेला. वाढ कोणी सोसायची?

कोटेशनवर मुदत नसेल तर गिऱ्हाईक म्हणणार तुम्हीच. वायरच्या किमतीत तांब्याचा वाटा मोठा आणि कंपन्या दरपत्रक वर्षात अनेकदा बदलतात. कोटेशनची मुदत सात ते पंधरा दिवस ठेवा, आणि वायर व केबलची ओळ वेगळी लिहून 'खरेदीच्या दिवशीच्या दरपत्रकाप्रमाणे' असं नमूद करा. अॅडव्हान्स आला की पहिली खरेदी वायरची करा, स्विचप्लेट नंतर घेतल्या तरी चालतं. सरकारी टेंडरमध्ये भाववाढीचं कलम आहे का ते दर भरण्याआधी पाहायचं. नसेल तर अंदाजपत्रकाच्या बरंच खाली दर भरण्यात अर्थ नाही, तिथे अतिरिक्त अनामतही अडकते.

११. जीएसटी कधी लागतो? आमचा सीए ४० लाख म्हणतो, मित्र २० लाख म्हणतो.

सामानासह वायरिंगचं काम हे वर्क्स काँट्रॅक्ट, आणि जीएसटीत ती सेवा धरली जाते. म्हणून मर्यादा २० लाखांची. ४० लाख फक्त माल विकणाऱ्यांना. उलाढालीत सामानाची किंमतही येते, त्यामुळे मजुरी पाच लाखच असली तरी सामानासह आकडा २० वर जाऊ शकतो.

उलाढाल ५० लाखांपर्यंत असेल तर ६ टक्क्यांची कंपोझिशन (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोपी योजना) निवडता येते. घरगुती गिऱ्हाइकं जास्त असतील तर ती परवडते. पण तिच्यात तुम्हाला सामानावरच्या कराचं क्रेडिट मिळत नाही, आणि गिऱ्हाइकालाही नाही. कारखाने आणि ऑफिसं तुमच्याकडून १८ टक्क्यांचं नियमित बिलच मागतात.

सोपा तिसरा मार्ग म्हणजे सामान मालकाने थेट दुकानातून घ्यायचं आणि तुम्ही फक्त मजुरी घ्यायची. उलाढाल कमी राहते, भाववाढीची डोकेदुखी जाते. मात्र सामानातला नफाही जातो, आणि मालकाने आणलेल्या हलक्या वायरवर तुम्हालाच टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. आयएस ६९४ ची खूण नसलेली वायर आली तर लेखी नकार द्या.

१२. बिल एक लाखाचं, हातात येतात बरेच कमी. काय काय कापतात?

कंपन्या आणि संस्था आयकराचा टीडीएस कापतात: काँट्रॅक्टर एकटी व्यक्ती असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २. एकच बिल ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर गेली की तो लागतो. पॅन दिला नसेल तर २० टक्के. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच कापायचा असतो, तेवढं तपासून घ्या. सरकारी खात्यांत अडीच लाखांवरच्या करारावर २ टक्के जीएसटी टीडीएस, बांधकाम कामगार उपकर १ टक्का आणि दोषदायित्व कालावधी (कामातले दोष काँट्रॅक्टरने दुरुस्त करून द्यायची मुदत) संपेपर्यंत अनामत. टीडीएस परत किंवा समायोजित होतो, उपकर होत नाही. तो दरातच धरा.

१३. बिल्डरने सहा महिने पैसे अडवलेत. उद्यम नोंदणी आहे. ४५ दिवसांचा कायदा लागतो ना?

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आणि सुविधा परिषदेकडे दाद, ही तरतूद २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे. अडचण अशी की वर्क्स काँट्रॅक्टला ती लागू होत नाही, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिले आहेत. नुसत्या मालाचा पुरवठा किंवा नुसत्या देखभालीचं बिल असेल तर बाजू भक्कम. सामान आणि मजुरी एकत्र असेल तर वाद होणारच.

म्हणून खरा इलाज टप्प्यांचा. पाइपिंग झालं की पैसे, वायर ओढल्यावर पैसे, फिटिंगच्या आधी पैसे. शेवटच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम टेस्ट रिपोर्टनंतर राहू देऊ नका. प्रत्येक टप्प्याचं मोजमाप साइट इंजिनिअरच्या सहीने घ्या. व्हॉट्सअॅपवरचा अंगठा भांडणाच्या वेळी तोकडा पडतो.

१४. आता बाजारात कशाला मागणी आहे? सोलर करू की ईव्ही चार्जर?

सोलरचा गाजावाजा मोठा आहे. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती गिऱ्हाइकाला २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळतं. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणीशिवाय मंजुरी धरतात. पण अनुदानाचं काम करायला विक्रेता म्हणून नोंदणी आणि बँक गॅरंटी लागते, पॅनल देशी सेलचेच चालतात आणि पाच वर्षं देखभाल गळ्यात येते. छोट्या काँट्रॅक्टरने नोंदणीकृत विक्रेत्याच्या हाताखाली एसी बाजूची कामं घेऊन सुरुवात करावी.

ईव्ही चार्जरचं काम छोटं दिसतं, पण ते नीट जमणारे कमी आहेत, म्हणून दर चांगला मिळतो. ७.४ किलोवॉटचा चार्जर ३२ अँपिअर तासन् तास ओढतो. मीटर रूमपासून पार्किंग ४० मीटर असेल तर ६ स्क्वेअर एमएमच्या तांब्यात साधारण ८ व्होल्ट पडतात, १० मध्ये ५ च्या आत. त्यामुळे १० च टाका. लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) नीट क्रिम्प करा, सुटी वायर स्क्रूखाली दाबलेली असेल तर महिन्याभरात टर्मिनल काळं पडतं. किमान ए टाइप आरसीसीबी, मंजूर लोड तपासणं आणि सोसायटीची लेखी परवानगी कामाआधी.

या दोन्हींपेक्षा खात्रीचं काम म्हणजे जुन्या सोसायट्यांचं रिवायरिंग आणि मीटर रूम. घरात दोन पंखे, चार ट्यूब होते तेव्हाची वायरिंग आज तीन एसी झेलते आहे. नवीन कनेक्शनसाठी ट्रान्सफॉर्मर किंवा लाइन उभारायची असेल तर गिऱ्हाईक ते काम लायसन्सधारकाकडून करून घेऊ शकतो, महावितरण १.३ टक्के देखरेख शुल्क घेतं. सामान मात्र त्यांच्या मान्य पुरवठादारांकडचंच. लिफ्ट या यादीत धरू नका, तिला २०१७ चा स्वतंत्र लिफ्ट कायदा आहे.

१५. साइटवर माणसाला शॉक लागला तर काय करायचं? विमा पुरतो का?

मेन तोडून माणसाला दवाखान्यात पोचवल्यावर पहिलं काम म्हणजे विद्युत निरीक्षकाला कळवणं. प्राणघातक अपघाताची खबर कळल्यापासून २४ तासांत, आणि सगळ्याच अपघातांचा लेखी अहवाल ४८ तासांत जायला हवा. निरीक्षक येईपर्यंत बोर्डाला हात लावू नका. 'तेवढी लूज वायर घट्ट करून ठेवतो' हा विचार मनात येतोच. तो पुराव्याशी छेडछाड ठरतो.

कामगार भरपाईची पॉलिसी घेताना कामगारांची संख्या आणि पगार खरे लिहा, आणि हेल्पर वगळू नका. परमिट नसलेल्या माणसाला लाइव्ह बोर्डावर चढवलं असेल तर विमा कंपनीला हात आखडता घ्यायला तेवढं कारण पुरतं.

१६. माझं लायसन्स महाराष्ट्राचं आहे. गोव्यात किंवा बेळगावात काम मिळालं तर?

लायसन्स राज्य सरकार देतं आणि ते त्या राज्यापुरतं असतं. वायरमन परमिट किंवा सुपरवायझर सर्टिफिकेटला दुसरं राज्य मान्यता देऊ शकतं, पण ती आपोआप मिळत नाही, तिथल्या बोर्डाकडे अर्ज करावा लागतो. एकाच कामासाठी एवढं करण्यापेक्षा तिथल्या लायसन्सधारकाबरोबर लेखी करार करा: टेस्ट रिपोर्ट आणि देखरेख त्यांची, सामान आणि माणसं तुमची. त्यांचा सुपरवायझर साइटवर येणार असेल तरच, नाहीतर गाडी पुन्हा प्रश्न ५ वर येते. कंपोझिशनवाल्यांनी हे काम घेण्याआधी सीएला विचारा, कारण कंपोझिशनमध्ये राज्याबाहेर पुरवठा करता येत नाही.